तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना टाकावा का?

एका तरुण मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातून बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) आणि इंटर्नशिप नुकतीच झाली आहे, घर यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी आहे आणि तिथेच दवाखाना टाकायचा विचार आहे. पण "खेड्यातले लोक फक्त दात उपटायलाच येतात, हात वाया जाईल" असं सगळे सांगतात. तर दिवस प्रत्यक्षात कसा जातो? आणि शिबिरं, शाळातपासणी हे करावंच लागतं का, की ती ज्याची त्याची हौस?

मी याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका तालुक्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. नवराही दंतवैद्यच आहे, दवाखाना दोघांचा. माझं उत्तर सरळ आहे: टाका. लोक दात काढायलाच येतात हे खोटं नाही, पण ते तसे का येतात हे कळलं की त्यातले पुष्कळ दात वाचवता येतात. आणि ते कारण खुर्चीशेजारी उभं राहून कळत नाही, त्यासाठी गावात जावं लागतं. म्हणून तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर मला वेगवेगळं देता येत नाही.

आधी दिवस. बोर्डावर तुम्ही साडेनऊ लिहाल, पण बाहेरगावचा पेशंट येतो तो एसटीच्या नाहीतर काळीपिवळीच्या वेळेवर. अकराच्या आसपास एकदम गर्दी होते आणि साडेतीननंतर प्रत्येकाचं लक्ष परतीच्या गाडीकडे. त्यामुळे मी घड्याळाची अपॉइंटमेंट देत नाही. "सकाळच्या गाडीनं या" किंवा "दुपारच्या गाडीनं या" एवढंच सांगते. गावातल्या पेशंटला संध्याकाळ, शिक्षक आणि शाळकरी मुलांना शनिवारची दुपार. बाजाराच्या दिवशी रूट कॅनाल ठेवायचंच नाही. त्या दिवशी दाढ दुखणारा माणूस पिशवीत भाजी घेऊन दारात उभा असतो आणि त्याला आत्ताच मोकळं व्हायचं असतं.

मग हंगाम. हा दंत महाविद्यालयात कुणी शिकवत नाही. जूनमध्ये पेरणी, नंतर निंदण-डवरणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि तिथून पुढे थंडीभर कापसाचा वेचा. वेच्याच्या दिवसांत बाईला मजुरी किलोवर मिळते. ती तुमच्याकडे आली म्हणजे तिचा त्या दिवसाचा कापूस गेला, वर गाडीभाडं. तुम्ही तिला रूट कॅनालसाठी चार वेळा बोलावलं तर तिच्या हिशोबात ते चार दिवसांच्या मजुरीसकट धरलं जातं. मग ती म्हणणारच, "काढूनच टाका जी, रोज रोज कोन येते." याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे. तिचा हिशोब बरोबर आहे, फक्त तो आपल्या खर्चाच्या कागदावर दिसत नाही.

त्यामुळे लांबून येणाऱ्यांचं काम शक्य तिथे एका बैठकीत उरकायचं. जिथे शक्य नाही तिथे पहिल्याच दिवशी नस पूर्ण काढून, औषध ठेवून दात नीट बंद करून पाठवायचं. "वेचा संपला की येतो, तोवर गोळी द्या" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. नुसती गोळी देऊ नका. गोळ्या तिने आधीच मेडिकलमधून आणून उपाशीपोटी खाल्लेल्या असतात. दात उघडून ठणका थांबवला की ती शांतपणे वेचा करते आणि माघात परत येते. ती परत यावी यासाठी रजिस्टरमध्ये नावापुढे गाव, फोन आणि "वेचा संपल्यावर" एवढं लिहून ठेवायचं, आणि त्या सुमाराला असिस्टंटने एक फोन करायचा. असिस्टंट मात्र त्याच भागातली ठेवा. आमच्याकडची मुलगी फोनवर "मावशी, कापूस झाला का वेचून?" असं विचारते, दाताचं नंतर काढते. ती बोलावते तेव्हा लोक येतात.

सूज मात्र थांबत नसते. जबड्याखाली घट्ट सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास असं दिसलं तर वेचा असो की लग्न, त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा. आधी फोन करून, चिठ्ठीत दिलेली औषधं आणि वेळ लिहून पाठवा. ही सूज श्वासावर यायला वेळ लागत नाही.

पैशाचं. उधारी होणार. "कापूस विकला की देतो" हे बहुतेक जण खरंच पाळतात. कापूस उशिरा विकला गेला तर पैसेही उशिरा येतात एवढंच. आमचा नियम असा की आपल्या हाताची मेहनत उधार राहिली तर चालेल, पण लॅबचा खर्च आधी घ्यायचा. कॅप किंवा कवळी करताना लॅबचं बिल तुम्हाला भरावंच लागतं, तिथे उधारी केली की दवाखाना अडकतो. आणि दर सगळ्यांना एकच ठेवा. ज्याला सूट द्यायची त्याला कागदावर दर लिहून खाली सूट दाखवा. सरपंचाला कमी आणि मजुराला जास्त लागले असं एकदा गावात पसरलं की ते पुसता येत नाही.

शहरात पेशंट एकटा येतो, इथे घर येतं. आजोबा कवळीसाठी, सून हिरड्यांतून रक्त येतं म्हणून, नातू किडलेल्या दाढेसाठी, आणि सोबत सासूबाई. पुष्कळदा निर्णय सासूबाईंचा असतो. म्हणून मी सुनेच्या तोंडात काय आहे ते सुनेला दाखवतेच, पण सासूबाईंच्याही हातात आरसा देते. गरोदरपणात दाताला हात लावू नये ही समजूत इथे पक्की आहे. त्या नऊ महिन्यांत हिरड्या सुजतात, रक्त येतं म्हणून ती ब्रश करणं सोडते आणि अजून सुजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई, भरणं, गरज पडली तर दात काढणंसुद्धा सुरक्षितपणे करता येतं, हे सासूबाईंना पटलं तरच ती सून पुन्हा येते. "वरचा दात काढला की नजर जाते" हेही ऐकाल. हसू नका. मी सांगते की आजी, दात पडायचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच असतं, म्हणून दोन्ही बरोबर गेलेलं दिसतं. चला, डोळेही तपासून घेऊ. अशी एखादी आजी मग खरंच नेत्रतपासणीला जाते.

आता ज्याच्यासाठी गावात जावंच लागतं त्याकडे येते. खर्रा.

तुम्ही नागपुरातून येता, त्यामुळे खर्रा नवा नाही. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर घोटायचं आणि पुडी बांधून खिशात टाकायची. पण कॉलेजच्या ओपीडीत तुम्ही पाहिले ते शेवटच्या टप्प्यातले रुग्ण. इथे तुम्हाला सुरुवात दिसेल. बारावीतला मुलगा आईबरोबर येतो. आई म्हणते, "याले तिखट सहन होत नाही जी आता, भाजी पाण्यानं धुऊन खाते." वऱ्हाडातल्या तिखट खाणाऱ्या घरात वाढलेला मुलगा भाजी धुऊन खातो, यातच निदान आहे. मी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगते. दोन जेमतेम जातात. गालाला आतून बोट लावलं की मऊ लागत नाही, पांढरट पट्टे ताठ लागतात. "गुपचुप (पाणीपुरी) खाता येते का रे?" म्हटलं की तो मान खाली घालतो, कारण ती अख्खी तोंडात जाणं कधीच बंद झालेलं असतं आणि मित्रांसमोर तो फोडून खातो. आईला यातलं काहीच माहीत नसतं.

याला आपण सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. मुख्य कारण सुपारी. म्हणून "मी तंबाखू टाकत नाही, साधी सुपारीच खातो" याला काही अर्थ नाही. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही, हे पेशंटला स्पष्ट सांगावं लागतं. पण सुपारी आजच सुटली तर आहे ते उघडणं टिकतं, जळजळ कमी होते, व्यायामाने थोडं वाढतंही. आणि यातल्या काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो, म्हणून सोडल्यानंतरही दर सहा महिन्यांनी तपासणी आयुष्यभर. हे सगळं आईला बाहेर बसवून आधी मुलाशी बोलायचं, मग त्याच्या परवानगीने आईशी. तो ओरडा खाऊन घरी गेला तर पुन्हा कधीच तोंड उघडून दाखवत नाही.

सोडवायचं कसं? "सोड, नाहीतर मरशील" याचा उपयोग मी कधी पाहिला नाही. पहिली पुडी किती वाजता लागते हे विचारा. बहुतेकांची चहानंतर, संडासला जाण्याआधी किंवा वावरात पोचल्यावर. त्या पहिल्या पुडीची वेळ पुढे ढकलायची, मग दुसरीची. पन्नी खिशात ठेवायचीच नाही, दर वेळी पानठेल्यापर्यंत चालत जावं लागलं की आपोआप कमी होतं. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय टोल-फ्री नंबरवर समुपदेशक असतो, तो नंबर औषधाच्या चिठ्ठीवर छापूनच घ्या. आणि बायकांना विसरू नका. त्या खर्रा खात नसतील, पण तपकीर दातांना लावणाऱ्या पुष्कळ आहेत आणि ते त्या पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत. तुम्ही बाई डॉक्टर आहात, तुम्हाला सांगतील. दवाखान्यात नाही, बचत गटाच्या बैठकीत सांगतील. एकीने कबूल केलं की मग ओळीने सगळ्या बोलतात.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखूवरही आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. हे सगळं कागदावर आहे आणि ठेला शाळेच्या कोपऱ्यावर आहे. तुम्ही तक्रार करू शकता, करावीही, पण गावात त्याआधी एक काम करून बघा: ठेलेवाल्याचं तोंड तपासा. तो दिवसभर घोटताना स्वतः चाखत असतो. मी पाहिलेल्या अशा माणसांपैकी बऱ्याच जणांचं तोंड आखडलेलं होतं आणि त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. एकाने तपासणीनंतर शाळकरी पोरांना पुडी देणं स्वतःहून थांबवलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' नावाचं दारू-तंबाखूविरोधी काम गावागावांत चालतं. जमलं तर तिकडे चार दिवस जाऊन बघा. गाव स्वतः ठरवतं तेव्हा काय होतं ते तिथे दिसतं. आपल्या जिल्ह्यात तसं काही उभं करायला मला तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेचा उपयोग होतो. संध्याकाळी गाव तिथे शांत बसलेलं असतं. प्रार्थना झाल्यावर दहा मिनिटं मागितली तर नाही म्हणत नाहीत. दहाची पंधरा करू नका.

दोन आठवड्यांत बरी न झालेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, एका बाजूला उठलेली गाठ: हे वाट पाहायचं काम नाही. तुकडा तपासायला पाठवा किंवा थेट वर्ध्याजवळची सावंगी आणि सेवाग्रामची रुग्णालयं, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय यांपैकी जे त्या घराला सोयीचं असेल तिथे पाठवा. घरच्यांचा पहिला प्रश्न "किती लागन?" हाच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात हे त्याच बैठकीत सांगा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यायला सांगा. नाहीतर ते घर आधी वावर विकायला काढतं आणि मग दवाखान्यात जातं.

पाण्याचा प्रश्न यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही पट्ट्यांत आहे. एका गावची सगळी मुलं दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे घेऊन येतात तेव्हा तो घासण्याचा दोष नसतो. आठव्या वर्षाच्या आत, दात हाडात तयार होत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडचा तो परिणाम. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. खोल बोअरच्या पाण्यात ते बहुतेकदा उघड्या विहिरीपेक्षा जास्त असतं. दंतवैद्याने इथे ग्रामसेवकाच्या मागे लागून त्या बोअरचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, आणि अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. एवढं झालं की निदान अंगणवाडीचं पाणी दुसऱ्या विहिरीवरून यायला लागतं. ज्या मुली तोंडावर हात धरून हसतात त्यांच्या पुढच्या दातांचे डाग थोडे घासून, वरून कॉम्पोझिट (दातांच्या रंगाचा लेप) लावून झाकता येतात. स्थळं पाहायला यायच्या आदल्या आठवड्यात आई त्यांना घेऊन येते. काम आनंदाने करा, पण त्याच आईला सांगा की धाकट्याचे दात अजून हाडात आहेत, त्याचं पाणी आजपासून बदला.

शाळा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त दात इथे वाचतात.

सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता एक नवी दाढ येते. ती कायमची असते. पण काही पडलं नाही म्हणून आईला वाटतं ती दुधाचीच, किडली तरी पडून दुसरी येईल. आठव्या-नवव्या वर्षी ती ठणकायला लागते आणि काढावी लागते. माझ्याकडे पंचविशीत येणाऱ्या पेशंटची खालची पहिली दाढ गेलेली दिसली की बहुतेकदा गोष्ट हीच असते. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग गाठायचा, मुलांना ओळीने बसवायचं, आणि बाईंना बोलावून त्यांच्याच बोटाने ती दाढ दाखवायची. "ही मोजा. ही आयुष्यभराची." बाईंना एकदा कळलं की पालकसभेत त्या आपल्यापेक्षा चांगलं सांगतात.

खाचा खोल असतील तर तिथेच ग्लास आयनोमर या सिमेंटने बुजवता येतात. त्याला खुर्ची लागत नाही, वीज लागत नाही, हाताची हत्यारं, बाक आणि खिडकीचा उजेड पुरतो. दुधाच्या किडलेल्या दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं की कीड बहुधा तिथेच थांबते. सुई नाही, रडणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही द्रव्यं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. पण ते औषध लावल्यावर किडलेला भाग काळा पडतो. हे पालकांना आधी सांगून, सही घेऊन, फोटो दाखवूनच लावा. काळा दात घेऊन मूल घरी गेलं आणि घरी काही माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव शाळेत.

कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) जाल तर सोबत तिथली ओळखीची आशाताई हवी. पहिलीतल्या मुलांच्या घरी कोलामी बोलतात, आपली मराठी त्यांना हळूहळू कळते. तिथे भाषण नको. ब्रश हातात द्या, तुम्हीही घ्या आणि सोबत घासा. कडुनिंबाची काडी वापरणाऱ्या आजीला ती सोडा म्हणू नका. काडी कशी चावून मऊ करायची आणि हिरडीला न ओरबाडता कशी फिरवायची ते दाखवा. राखुंडी आणि लाल मंजन मात्र सोडायला सांगा, त्याने दात झिजतात.

शिक्षकांना अजून एक गोष्ट शिकवून ठेवा: पडलेला दात. हिवाळ्यात गावोगावी रात्रीच्या कबड्डी स्पर्धा असतात. एकदा एक क्रीडाशिक्षक मोटारसायकलवर मुलाला मागे बसवून आले, मुलाच्या तोंडात रुमाल आणि सरांच्या मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात दूध आणि दुधात वरचा पुढचा दात. आदल्याच महिन्यात शाळेत सांगितलं होतं की दात वरच्या पांढऱ्या भागाने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत आणायचा. तो दात परत बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, काही दिवसांनी त्याचं रूट कॅनाल केलं. दात जागेवर आहे. (दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नसतो, हेही त्याच वेळी सांगा.)

शिबिरांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. बॅनर, मंडप, एका दिवसात तीनशे तोंडं, टूथपेस्टचं वाटप, फोटो, आणि परत तिकडे फिरकायचं नाही, अशा शिबिराने एकही दात वाचत नाही. त्याहून वाईट म्हणजे मंडपात दात काढणं. हत्यारांचं निर्जंतुकीकरण धड होत नाही, आणि रात्री रक्त थांबलं नाही तर तुम्ही तीस किलोमीटरवर असता. मी शिबिरात दात काढत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यापेक्षा पाच-सात गावं ठरवा, दर सहा महिन्यांनी त्याच गावांत जा, आणि मागच्या वेळी ज्यांना "दवाखान्यात या" म्हटलं होतं त्यातले कोण आले नाहीत याची यादी घेऊन आशाताईसोबत बसा. का नाही आले? त्याचं उत्तर पैशाचं असेल, गाडीचं असेल, नवऱ्याचं असेल. तुमचे दर आणि वेळा त्या उत्तरांवरून ठरवा. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर मागितलं तर मी म्हणते, मंडपाचा खर्च द्या, त्यात या गावच्या मुलांच्या दाढा बुजवते. काही जण खरोखर देतात.

सरकारी यंत्रणेशी स्पर्धा करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्या आणि शाळा तपासतच असतं, त्यात दातही येतात. त्यांच्या डॉक्टरांशी ओळख ठेवा. त्यांना पुढे पाठवायला जवळचा दंतवैद्य हवा असतो, तुम्हाला कुठल्या शाळेत किती मुलं किडलेली आहेत हे हवं असतं.

एक वैद्यकीय सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक पेशंटचा बीपी, चाळिशीनंतर साखर, आणि प्रत्येकाला प्रश्न: "सिकलसेलची तपासणी झाली का, कार्ड आहे का?" विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही इतर समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासण्याही वाढल्या आहेत. अशा पेशंटच्या दाताचा जंतुसंसर्ग अंगभर वेदनेचा झटका आणू शकतो, म्हणून तो लांबवायचा नाही. उपाशी आणि तहानलेलं ठेवायचं नाही, पाणी पाजून, छोट्या बैठकीत, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून काम करायचं. दुखण्याची गोळीही त्यांना विचारूनच.

उन्हाळ्याचं सामान वेगळं असतं. ४५ अंशांत अल्जिनेट (दातांचा ठसा घ्यायची पेस्ट) तोंडात जायच्या आतच घट्ट होतं, फ्रिजचं पाणी वापरा. मे महिन्यात मेणाचा बाइट (चाव्याचा ठसा) ट्रॅव्हल्सच्या डिकीतून लॅबला पाठवला तर तिथे मेणाचा गोळा पोचतो. रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत पाठवा. सुन्न करायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये, आणि फ्रिज इन्व्हर्टरवर. बोअरचं जड पाणी स्केलर (दात साफ करायचं यंत्र) आणि ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) घालू नका, महिन्यात चोंदतात.

कागदपत्रांत महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची नोंदणी, आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. कचरा उचलणारी गाडी तुमच्या गावापर्यंत येते का हे जागा घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

सुरुवात जूनमध्ये करू नका. पेरणीत सगळ्यांचा पैसा मातीत असतो आणि खुर्चीचा हप्ता तुमच्या मानगुटीवर. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलै ते सप्टेंबर शाळा, अंगणवाड्या, बचत गट आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटण्यात घालवा. ठरवलेल्या गावांचं रजिस्टर तेव्हाच सुरू करा. सोयाबीन निघालं की दसऱ्याला दवाखाना उघडा. खुर्ची आधी एकच घ्या, पण ऑटोक्लेव्ह चांगला घ्या. आणि जागा बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा, भाडं जरा जास्त पडलं तरी.